मुलाच्या हातात काय आहे, ते आधी पाहा

लहान मुलाच्या श्रद्धेची कथा वाचायला घेतली की मी सगळ्यात आधी त्या मुलाचे हात शोधते. हातात काय आहे? नाणं, चिठ्ठी, मेणबत्ती, पावाचा तुकडा, की कोणाचं बोट? ते सापडेपर्यंत देव, पाप, क्षमा हे शब्द मी तोंडातून काढत नाही. तुम्हीही काढू नका, एवढंच मुख्य सांगायचं आहे. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

ही सवय मला चण्यांच्या एका पुडीने लावली. गोव्यात अस्नोड्याला आमच्या घराच्या पुढे, वाटेच्या वळणावर एक खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. मे महिन्यात तिथे लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, व्हायची. खुरसाला झेंडूच्या माळा, पुढे मेणबत्त्या, एक काका रबेक (व्हायोलिन) वाजवणारे, आणि वाड्यावरची सगळी माणसं उभी. मी सहा वर्षांची. लादीन लॅटिनमध्ये. पुढे एक जण काहीतरी गाऊन म्हणायचा आणि मागून सगळे म्हणायचे, 'ओरा प्रो नोबिस'. पुन्हा तो, पुन्हा आम्ही. शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या कागदाच्या पुडीत हातावर पडायच्या, गरम. मला वाटायचं, 'ओरा प्रो नोबिस' हे चण्यांचंच नाव आहे. इतक्या वेळा, इतक्या जणांनी मिळून मागितले, की मग मिळतात. मोठेपणी अर्थ कळला: 'आमच्यासाठी विनंती कर.' तेव्हा मला सहा वर्षांची ती मी फार चुकलेली वाटली नाही. मागायचं तर सगळ्यांनी मिळून मागायचं, आणि मिळालं की ते हाताला ऊन लागतं, एवढं तिला पुडीने शिकवलं होतं.

माझ्याविषयी थोडं. घरी आम्ही कोंकणी बोलायचो, प्रार्थना रोमी अक्षरांतल्या पुस्तकातून, आणि माझं वाचन मात्र मराठी. १९६३नंतर गावोगाव ज्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत मी शिकले आणि पुढे तशाच शाळांतून ३३ वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आमच्या बलकांवात (पडवीत) पाच-सहा जणं बसतो आणि एक कथा वाचतो. निम्मे ख्रिस्ती, निम्मे हिंदू, सगळे मराठी वाचणारे. खाली जे लिहिते आहे, ते या बैठकांतून जमलेलं आहे. एकट्याने वाचणाऱ्यालाही ते चालेल, पण शेजारी कोणी असलेलं बरं.

कथा कोणती घ्यायची, इथेच निम्मं काम असतं. अर्ध्या तासात वाचून होईल एवढीच घ्या. मोठी असेल तर मधे चहा होतो आणि चहानंतर माणसं कथेपेक्षा स्वतःच्या नातवंडांविषयी बोलतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जिच्यातलं मूल मोठ्यांना सुधारण्यासाठीच जन्माला आलं आहे अशी कथा टाळा. तुम्ही अशा कथा वाचलेल्या असणार. आजारी, गोरीपान, कधी न रागावणारी मुलगी. ती शेवटच्या परिच्छेदात डोळे मिटते आणि दारुडा बाप देवळात जातो. ख्रिस्ती वाचकासाठी म्हणून लिहिलेल्या कितीतरी कथा मी अशा वाचल्या आणि मला त्या त्या मुलीच्या बाजूने वाईट वाटलं. लेखकाने तिला भूक दिली नाही, हट्ट दिला नाही, एक साधं खोटं बोलायची मुभाही दिली नाही. तिची श्रद्धा मला दिसतच नाही, कारण तिचा हात कुठे रिकामा नाही आणि कुठे भरलेलाही नाही.

मुलांसाठी म्हणून आखूड केलेल्या आवृत्तीही तपासून घ्या. शेवट गाळलेला असेल तर पूर्ण कथा शोधा. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक सकाळ घालवली तर सहा महिन्यांची बेगमी होते, असा माझा अनुभव आहे. मराठी अनुवाद हाताला लागला तर उत्तम. नाही लागला तर मी इंग्रजीतून आधी दोनदा वाचून ठेवते आणि बैठकीत मराठीत सांगत जाते. असं सांगताना एक पथ्य पाळते: मुलाच्या घरात जो शब्द असता, तो वापरायचा. 'पापनिवेदन' हा शब्द बरोबर आहे, पण सात वर्षांच्या कोणत्याही मुलाच्या पोटात त्याने गोळा येत नाही. आमच्याकडे 'कुमसार' म्हटलं की येतो.

पहिलं वाचन मोठ्याने, एकाने, आणि हातात पेन्सिल न घेता. आमच्याकडे एकच प्रत असते, बाकीचे ऐकतात. यावर सुरुवातीला कुरकुर झाली, डोळ्यांसमोर मजकूर हवा म्हणून. मी त्यांना फादर स्टीफन्सची आठवण दिली. इंग्लंडातून आलेला हा जेजुइट पाद्री १५७९मध्ये गोव्यात उतरला, आपली भाषा शिकला आणि येशूची कथा त्याने मराठी ओवीत रचली. ते क्रिस्तपुराण गोव्यातच रायतूरला १६१६मध्ये छापलं गेलं. छापण्याची सोय हाताशी असतानाही त्याने ओवी निवडली, कारण इथली माणसं पुराण कानाने घेतात हे त्याने पाहिलं होतं. आपण त्याच मातीतले. मूल तर कथा कानानेच घेतं. मुलाच्या श्रद्धेची कथा ऐकताना आपणही थोडा वेळ तसेच बसलो, तर बिघडत नाही.

दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. आता हात शोधा.

सुरुवात करायला प्रेमचंदांची 'ईदगाह' घ्या. १९३३ची कथा. मी ती चौथीच्या वर्गात कितीतरी वर्षं वाचून दाखवली आहे. हमीद चार-पाच वर्षांचा, आईबाप नसलेला. घरी आजी अमीना. त्याला सांगितलं आहे की बाप पैसे मिळवायला गेला आहे आणि आई अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला. ईदेच्या जत्रेला जाताना त्याच्याकडे तीन पैसे. बरोबरची मुलं मातीचा शिपाई, भिश्ती, वकील घेतात, मिठाई खातात. हमीद लोखंडाचा चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना आजीची बोटं भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, हमीद तीन पैशांना घेतो.

पेन्सिलीने चिमट्याखाली रेघ मारा, सगळ्यांच्या लक्षात येतो तो. पण थोडं मागे जा. नमाजाची जागा आहे, हजारो माणसं एकदम वाकतात आणि उठतात. प्रेमचंदांनी ते दृश्य मन लावून लिहिलं आहे. आणि लगेच नंतर बाजार. आमच्या बैठकीत पहिल्यांदा ही कथा वाचली तेव्हा एका निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, की यात श्रद्धा कुठे आहे, ही तर आजीवरच्या मायेची कथा झाली. चांगला प्रश्न होता. मी उत्तर दिलं नाही. त्यांनाच म्हटलं, नमाजाचा परिच्छेद आणि चिमटा घेण्याचा परिच्छेद पुन्हा लागोपाठ वाचा. त्यांनी वाचले. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, 'तिथे तो सगळ्यांबरोबर वाकला, आणि इथे एकटा वाकला.' ३३ वर्षं शिकवून मला जे दिसलं नव्हतं, ते त्यांना त्या संध्याकाळी दिसलं. म्हणून म्हणते, उत्तर देण्याची घाई करू नका.

रशियन लेखक चेखॉवचा 'वांका' दुसऱ्या बैठकीला. १८८६ची, नाताळच्या आदल्या रात्रीची कथा. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत एका चांभाराकडे कामाला ठेवलेला. मालक आणि मालकीण मिसला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलेली पाहून तो आजोबांना चिठ्ठी लिहायला बसतो. बसण्याआधी दारा-खिडकीकडे आणि भिंतीवरच्या काळवंडलेल्या आयकॉनकडे चोरून बघतो. हे मी बैठकीत सांगते तेव्हा 'सायबाची (प्रभूची) तसबीर' म्हणते, आणि कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने लहानपणी काहीतरी करायच्या आधी अशा तसबिरीकडे चोरून पाहिलेलं आहे. मग तो बाकावर कागद ठेवतो आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून लिहितो. गुडघ्यांवर! लेखकाने एवढंच केलं, पुढे एक शब्द बोलला नाही. तिथे रेघ मारा.

चिठ्ठीत तो मार सांगतो, उपास सांगतो, मला घेऊन जा म्हणतो, तुमच्यासाठी देवाची प्रार्थना करीन म्हणतो. पाकिटावर पत्ता घालतो: 'गावी, आजोबांना.' डोकं खाजवतो, विचार करतो, आणि आजोबांचं नाव त्यात भरतो. पेटीत टाकून येतो आणि सुखाने झोपतो.

इथे एक वाद हमखास होतो. चिठ्ठी पोचणार नाही, म्हणजे चेखॉवला म्हणायचं आहे की प्रार्थना पोचत नाही, असं कोणीतरी म्हणतं. दुसरं कोणी लगेच देवाची बाजू घेतं. दोघांनाही थांबवा. वांकाचा हात दाखवा. त्याच्या हातात आदल्या दिवशी एका कोपेकला, म्हणजे रशियातल्या एका छोट्या नाण्याला, घेतलेलं पाकीट आहे. त्याच्याकडे दुसरा कोपेक असेल-नसेल. कथा आपल्याला पोस्टखात्याविषयी किंवा देवाविषयी निकाल द्यायला बोलावत नाही. ती आपल्याला त्या पत्त्याचं पाकीट हातात देते. मी ख्रिस्ती आहे, मला ते पाकीट हातात घेतल्यावर स्वस्थ बसता येत नाही. आमच्या वाड्यावर कोणाच्या घरी कामाला ठेवलेला पोर आहे का, तो शाळेत जातो का, हे मला त्या रात्री आठवत राहिलं, आणि सकाळी मी चौकशी केली.

हात झाल्यावर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने आणखी एक गोष्ट शोधायची: मोठी माणसं मुलाला देवाविषयी काय सांगतात. नेमके शब्द. गोळाबेरीज अर्थ चालणार नाही. मूल शब्द जसाच्या तसा घेतं.

यासाठी फ्रँक ओ'कॉनर या आयरिश लेखकाची 'फर्स्ट कन्फेशन' घ्या. सात वर्षांचा जॅकी पहिल्या कुमसाराला निघाला आहे. त्याला तयार करणाऱ्या मिसेस रायन मुलांपुढे अर्धा क्राऊन ठेवतात आणि सांगतात, शाळेच्या घड्याळावर पाच मिनिटं मेणबत्तीत एक बोट धरणाऱ्याला हे नाणं. मग नरकातली आग समजावतात. घरी येऊन राहिलेली आजी जॅकीला आवडत नाही, बहीण नोरा चुगलखोर आहे. त्याच्या डोक्यात आजीला मारून टाकायचं आहे आणि हे सगळं त्याला आता सांगायचं आहे. अंधारात त्याला कुमसाराच्या पेटीत गुडघे कुठे टेकायचे तेच कळत नाही, तो फळीवर चढतो आणि धाडकन बाहेर पडतो. पुढे तरुण पाद्री त्याचं सगळं ऐकून घेतो, गंभीरपणे घेतो, आणि शेवटी खिशातल्या गोळ्या देतो. जॅकी नोराजवळ येतो तेव्हा तो गोळी चोखतो आहे.

दोन्ही पेन्सिली इथे एका पानावर येतात. मिसेस रायननी मुलांना दाखवलेली मेणबत्ती आणि नाणं. पाद्र्याने दिलेली गोळी. दोन्हींत मोठं माणूस मुलापुढे एक वस्तू धरतं आणि म्हणतं, देव असा आहे.

ही कथा वाचल्यावर मला माझं कुमसार सांगावं लागलं. १९६९ असेल. दोत्रीन (धर्मशिक्षण) शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला सांगितलं होतं की पाप लपवून ओस्त, म्हणजे मिसमधला पवित्र पाव, घेतली तर जीभ करपते. माझं पाप असं: सकाळी पोदेराची (पाववाल्याची) सायकल आली की पाव घ्यायला मी जायची. एक दिवस दोन कांकणं (बांगडीसारखे पाव) वाटेतच खाल्ली आणि घरी सांगितलं की पोदेराने कमी दिली. पाय, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या दिवशी पोदेराला बोलले, आणि हिशेबातून दोन कांकणांचे पैसे कापले. पोदेर काही बोलला नाही. त्यानंतर पहिल्या कुमगारापर्यंत (पहिल्यांदा ओस्त घेण्याच्या दिवसापर्यंत), जवळजवळ दोन महिने, मी रात्री तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाल्यावर आरशात जीभ काढून बघायची. शामाय, म्हणजे आजी, विचारायची, घसा दुखतो का. मी हो म्हणायची, म्हणजे आणखी एक खोटं.

कुमसारात मी एका दमात सगळं सांगितलं. पाद्री जरा गप्प राहिले. मग जाळीतून हळूच विचारलं, 'पोदेराक सांगलें?' नाही, म्हटलं. एक 'नमान मारये' (मारियेची प्रार्थना) म्हण आणि पोदेराला सांग, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फाटकाशी उभी राहिले. भोंगा ऐकू आला. पोदेर उतरला, मी सांगितलं. तो टोपलीवरची ताडपत्री बाजूला करत म्हणाला, 'हांव जाणा.' मला माहीत आहे. आणि रोजचे पाव मोजून दिले.

बैठकीत हे सांगताना मला रडू आलं, ५० वर्षांनंतर. त्या बाईंविषयी माझ्या मनात राग नाही असं मी म्हणणार नाही. मुलाच्या जिभेवर देव ठेवायचा आणि त्याच जिभेला चटक्याची भीती घालायची, हे मला आजही पटत नाही. पण पोदेराला सगळं माहीत होतं, तरी तो रोज येऊन पाव मोजत राहिला होता. क्षमा म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मला अजूनही आधी ती ताडपत्री दिसते.

तुमच्याही बैठकीत असं काही निघेल. निघू द्या. फक्त ते कथेच्या आधी नको, कथा पूर्ण झाल्यावर.

आता अवघड कथेविषयी. कधीतरी ती घ्यावीच लागते, पण पहिल्या चार-पाच बैठकांत घेऊ नका. फ्लॅनरी ओ'कॉनर ही अमेरिकेच्या दक्षिणेकडची कॅथलिक लेखिका. तिची 'द रिव्हर' ही कथा. आम्ही ती जूनमध्ये वाचली, सांजांवच्या, म्हणजे संत योहानाच्या सणाच्या, थोडं आधी. मला नंतर वाटलं की ते जड झालं. २४ जूनला आमच्याकडे मुलं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. एलिझाबेथच्या पोटात जुआंव (बाप्तिस्मा करणारा योहान) आनंदाने उडी मारतो, त्याची ती आठवण. पाणी म्हणजे आम्हाला आनंदच. आणि ही कथा पाण्याची आहे.

हॅरी चार-पाच वर्षांचा. घरी रात्रभर पार्ट्या, सकाळी आईबाप झोपलेले. त्याच्या घरात येशूचं नाव फक्त शिवीसारखं तोंडातून निघतं. त्याला दिवसभर सांभाळायला घेऊन जाणारी मिसेस कॉनिन त्याला पहिल्यांदा सांगते की तुला येशूने बनवलं. तिच्या घरचं येशूच्या चरित्राचं एक जुनं पुस्तक तो गुपचूप कोटाच्या अस्तरात लपवतो. नदीवर एक तरुण उपदेशक त्याचा बाप्तिस्मा करतो आणि सांगतो की आता तू पहिल्यासारखा राहिला नाहीस, आता तू मोजला जाशील. दुसऱ्या दिवशी हॅरी एकटा नदीवर परत जातो. पाण्याखाली ते राज्य आहे असं त्याने ऐकलं आहे. तो तिथे जायला निघतो, आणि प्रवाह त्याला घेऊन जातो.

ही कथा वाचून झाल्यावर लगेच बोलू नका. आम्ही कप विसळले. शेजारच्या वयनींनी दिवा लावला. दहा मिनिटं अशीच गेली. ती लागतात.

मग काय करायचं? एक गोष्ट अजिबात करायची नाही: त्या मुलाचं पुढे काय झालं, तो देवाकडे गेला की नाही, हे ठरवायला बसायचं नाही. ते आपल्या हातात दिलेलं नाही. त्याऐवजी कथेत मोठी माणसं कुठे कुठे हसतात ते शोधा. हॅरीच्या घरी सगळीच थट्टा असते. उपदेशकाचा चेहरा बघून मुलाला कळतं की हा जे बोलतो त्यात थट्टा नाही. त्या एका ओळीवर आम्ही पाऊण तास बोललो. मूल भुकेलं होतं ते एका गंभीर चेहऱ्यासाठी. तो चेहरा त्याला मिळाला, आणि त्या चेहऱ्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द त्याने अक्षरशः घेतला. दोत्रीन शिकवणाऱ्या, मिसला नेणाऱ्या, रात्री 'बेसांव' (आशीर्वाद) देणाऱ्या आपण सगळ्यांनी इथे थांबायला हवं. आपण बोलून मोकळे होतो, आणि मूल ते घेऊन निघतं.

आणि मग हात. कथेच्या शेवटी मिस्टर पॅरडाइज नावाचा म्हातारा आहे. उपदेशकाची टर उडवणारा, श्रद्धा नसलेला. तोच एकटा मुलाच्या मागे नदीपर्यंत येतो, हातात पेपरमिंटची लांब कांडी घेऊन. त्याच्या मनात काय होतं हे लेखिका स्पष्ट सांगत नाही. पण पाण्यात उडी तोच मारतो, आणि खूप खाली जाऊन वर येतो तेव्हा त्याचे हात रिकामे असतात. मी ही कथा चार वेळा वाचली आहे. त्या रिकाम्या हातांपाशी माझं वाचन दर वेळी थांबतं.

बायबल कधी उघडायचं? कथेच्या आधी मुळीच नाही. आधी उघडलं तर कथा त्या वचनाचं उदाहरण होऊन बसते आणि तिचा जीव जातो. कथा झाल्यावर उघडा, तेही उत्तर म्हणून नको. मी बहुतेकदा योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घेते. पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा फक्त योहानाने पाहिला. तो मुलगा एक शब्द बोलत नाही. त्याच्याविषयी आंद्रू बोलतो, आणि तेही शंकेने: एवढ्या लोकांना हे कसं पुरणार? त्याच्या आईने त्याला ती शिदोरी बांधून दिली असेल, पण योहान तेही सांगत नाही. हात तेवढा दिसतो. तो उतारा 'ईदगाह'नंतर वाचून पाहा. किंवा लूकचा दुसरा अध्याय, बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो तो. आईबापांना तीन दिवसांनी सापडतो, तो जे सांगतो ते त्यांना समजत नाही, आणि तो त्यांच्याबरोबर मुकाट घरी जातो. त्या बारा ओवींत, म्हणजे वचनांत, जितकं बालपण आहे तितकं पुष्कळ जाड पुस्तकांत सापडत नाही.

आमच्यात निम्मे हिंदू आहेत हे वर म्हटलं. त्यांच्यामुळे माझं वाचन सुधारलं आहे. ऑस्कर वाइल्डची 'सेल्फिश जायंट' आम्ही नाताळात वाचली, १८८८ची. राक्षसाच्या बागेत भिंतीच्या भोकातून मुलं शिरतात, झाडं फुलतात, एका छोट्याला फांदीवर चढता येत नाही म्हणून राक्षस त्याला उचलून ठेवतो. शेवटी म्हातारपणी तोच मुलगा परत येतो, तळहातांवर आणि पायांवर खिळ्यांच्या खुणा घेऊन. आम्ही ख्रिस्ती वाचक त्या खुणा दिसताच सुटकेचा श्वास सोडतो: कोण आहे ते कळलं! आणि आमचं वाचन तिथे संपतं. शेजारच्या वयनींना ते लगेच कळलं नाही. त्या घाबरून म्हणाल्या, 'एवढ्याशा पोराला कोणी मारलं?' राक्षसही नेमकं तेच विचारतो, रागाने, तलवार काढायची भाषा करत. राक्षसाच्या जागी उभ्या राहिल्या त्या एकट्या. त्यांना मुलाचा हात दिसला, मला चित्र दिसलं. म्हणून अशा बैठकीत आपल्या धर्माबाहेरचं एक तरी माणूस असू द्या आणि त्याला खुणांचा अर्थ आधीच सांगून टाकू नका.

किरकोळ गोष्टी पटकन सांगते. वेळ पाच ते सात. सातची आंजेलुसची (संध्याकाळच्या प्रार्थनेची) घंटा झाली की आम्ही दोन मिनिटं गप्प राहतो, ज्याला जे म्हणायचं ते मनात म्हणतो, आणि उठतो. खायला फक्त एक पदार्थ. मुलं घरात असतील तर त्यांना बसू द्या, पण 'तुला काय वाटलं?' असं विचारू नका. त्यांनी आपणहून विचारलं तर उत्तर लहान द्या आणि खरं द्या. माझ्या नातीने 'वांका'नंतर विचारलं, आजोबांना चिठ्ठी मिळाली का? मी म्हटलं, मला वाटत नाही. ती थोड्या वेळाने वहीतला कागद फाडून घेऊन आली आणि म्हणाली, पत्ता नीट कसा लिहायचा ते मला शिकव.

पाच-सहा कथा झाल्या की लिहायला बसा. हे मी सगळ्यांकडून करून घेते. दहा ओळी, आपल्या लहानपणातली एक वस्तू, जी हातात असताना देव जवळ आहे असं वाटलं होतं. 'देव' हा शब्द मात्र वापरायचा नाही. सुरुवातीला माणसं वस्तू सोडून भावना लिहितात: शांत वाटलं, धन्य वाटलं. ते खोडायला सांगा. वस्तूचं वजन लिहा, ती ओली होती की कोरडी, कोणी दिली, कोणत्या हातात धरली. पोस्टमास्तरांनी गणपतीसमोरच्या माटोळीतलं (वर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीतलं) एक जायफळ लिहिलं, जे काढू नको म्हटलेलं असताना त्यांनी काढलं होतं. माझी चण्यांची पुडी तुम्ही वर वाचलीत.

शेजारच्या वयनी पहिली दोन वर्षं बैठकीत काही लिहीत नसत. शिरगावजवळचं त्यांचं माहेर, लईराई देवीच्या जत्रेतलं. गेल्या ईस्टरनंतरच्या बैठकीत त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, त्यांची आई दरवर्षी तेल घेऊन जायची. लईराईची ती बहीण, असं आमच्याकडे हिंदू-ख्रिस्ती दोघंही मानतात. एका वर्षी बाटली सात वर्षांच्या वयनींच्या हातात दिलेली. बूच कागदाच्या बोळ्याचं. आई सारखी म्हणत होती, हालवू नको. रांग लांब, ऊन कडक. बाटली त्यांनी पोटाशी धरली, बोळा भिजला, तेल झिरपून नव्या फ्रॉकवर उतरलं. वेदीशी पोचेपर्यंत बाटली अर्धी. आईने ती तशीच ओतली, काही बोलली नाही. घरी येऊन फ्रॉक सोड्याने घासला, डाग गेला नाही. दुसऱ्या वर्षी फ्रॉक आखूड झाला तरी त्यांनी तो कोणाला देऊ दिला नाही.

दहा ओळी सांगितल्या होत्या, त्यांच्या बावीस झाल्या होत्या. कोणीतरी विचारलं, की तुम्ही तेव्हा सायबिणीला काय मागितलं होतं? वयनींनी कागदाची घडी घालता घालता सांगितलं, 'बाटली सांडू नये एवढंच.'